गेमच्या अपडेटची वर्दी देणारा बॉट : उभारणी आणि दक्षता

विकत घेतलेला व्हिडिओ गेम कायम तसाच राहण्याचा काळ आता सरला आहे. आजचे ऑनलाइन गेम सतत बदलत असतात. एखाद्या शस्त्राचा जोर कमी होतो, नकाशातील एखादी वाट बंद होते, जुना दोष दुरुस्त होतो. निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या अशा बदलांच्या यादीस ‘पॅच नोट्स’ म्हणतात. ही यादी खेळाडूंच्या गटात आपोआप आणून ठेवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे अपडेट बॉट. गट त्याच्या निरोपावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणूनच तो उभारताना सोयीइतकाच सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो.

गरज कशासाठी?

‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ या गेमची निर्माती व्हॉल्व्ह कंपनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आहे. तेथे उन्हाळ्यात सायंकाळी ५ वाजता निघालेले अपडेट भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ५.३० वाजता पोहोचते. हिवाळ्यात हीच वेळ ६.३० होते. आपण झोपेत असताना नियम बदललेले असतात आणि त्याच दिवशी सामना असेल तर ते ठाऊक नसणे महागात पडते. बॉट ही दरी भरून काढतो.

सर्वांत सोपा मार्ग

२०१५ साली सुरू झालेले डिस्कॉर्ड हे खेळाडूंच्या संभाषणाचे प्रमुख ठिकाण आहे. एखाद्या गेमच्या अधिकृत डिस्कॉर्ड सर्व्हरवर घोषणांसाठी खास चॅनेल असेल, तर त्यावरील ‘फॉलो’ बटण दाबून आपल्या सर्व्हरमधील चॅनेल निवडावे. तेथे प्रसिद्ध होणाऱ्या घोषणा आपल्याकडेही येऊ लागतात. यासाठी प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नाही. मात्र सवलती, स्पर्धा, जाहिराती असे सारेच येते. हवे तेवढेच निवडण्याची सोय यात नाही.

स्वतःचा बॉट

निवड आपल्या हाती हवी असेल, तर स्वतःचा बॉट उभारावा. त्याची तीन अंगे असतात : उगम, स्मरण आणि वितरण.

उगम म्हणजे माहितीचा अधिकृत स्रोत. स्टीमवरील प्रत्येक गेमला एक क्रमांक असतो. ‘काउंटर-स्ट्राइक २’चा क्रमांक ७३० आणि ‘डोटा २’चा ५७० आहे. स्टीमच्या सार्वजनिक वृत्तसेवेला हा क्रमांक दिला की त्या गेमच्या ताज्या नोंदी मिळतात. त्यासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. प्रत्येक नोंदीत शीर्षक, मजकूर, दुवा, वेळ आणि एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. या सेवेत गेमविषयक नियतकालिकांचे लेखही मिसळलेले असतात. त्यामुळे निर्मात्याच्या स्वतःच्या घोषणा तेवढ्या गाळून घ्याव्यात.

स्मरण हे बॉटचे दुसरे अंग. दर पंधरा-वीस मिनिटांनी स्रोत तपासणाऱ्या बॉटने आधी काय पाठवले हे लक्षात ठेवले नाही, तर एकच बातमी दिवसभर झळकत राहील. यासाठी पाठवलेल्या नोंदींचे ओळखक्रमांक एका फाइलमध्ये जतन करावेत. शीर्षकावर विसंबू नये, कारण एकाच शीर्षकाची दोन अपडेट असू शकतात. पहिल्यांदा बॉट चालवताना सर्व जुन्या नोंदी फक्त स्मरणात घ्याव्यात, पाठवू नयेत. तसे न केल्यास गटावर जुन्या बातम्यांचा पाऊस पडतो. संदेश यशस्वीपणे पोहोचल्यानंतरच क्रमांक नोंदवावा. आधीच नोंदवला आणि मध्येच इंटरनेट गेले, तर ती बातमी कायमची निसटते.

वितरणासाठी डिस्कॉर्डचा ‘वेबहुक’ पुरेसा आहे. वेबहुक म्हणजे एका विशिष्ट चॅनेलचा गुप्त पत्ता. त्या पत्त्यावर धाडलेला मजकूर थेट चॅनेलमध्ये उमटतो. सर्व्हरवर वेबहुक हाताळण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने चॅनेलच्या सेटिंगमध्ये ‘इंटिग्रेशन्स’ उघडून नवा वेबहुक तयार करावा आणि पत्ता उतरवून घ्यावा. प्रोग्रॅम ठरावीक अंतराने चालवण्यासाठी सतत सुरू असलेला जुना लॅपटॉपही चालतो.

मजकुराची मांडणी

डिस्कॉर्डच्या साध्या संदेशाला २,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि मोठ्या अपडेटची यादी ती सहज ओलांडते. सर्व मजकूर कोंबण्यापेक्षा शीर्षक, महत्त्वाचे पहिले काही मुद्दे आणि मूळ यादीचा दुवा देणे श्रेयस्कर. स्टीमच्या मजकुरात ठळक अक्षरे व याद्या दाखवण्यासाठी चौकोनी कंसांतील खुणा असतात. त्या काढून टाकाव्यात, अन्यथा वाचणाऱ्याला निव्वळ कंसच दिसतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार येते. तीत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते. कमी वेळात फार संदेश पाठवल्यास डिस्कॉर्ड थांबण्याचा इशारा देते. तो पाळून ठरलेल्या अवधीनंतरच पुन्हा प्रयत्न करावा.

किल्ली कोणाकडे?

वेबहुकचा पत्ता ज्याच्या हाती पडतो, त्याला तुमच्या बॉटच्या नावाने चॅनेलमध्ये काहीही लिहिता येते. त्याला पासवर्ड विचारला जात नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’मधील शस्त्रांच्या सजावटीची, म्हणजे स्किनची, खरेदी-विक्री खऱ्या पैशांत होते. अशा गटात ‘मोफत स्किन, येथे लॉगिन करा’ असा निरोप बॉटच्या नावाने आला, तर खेळाडू तो दुवा उघडणारच. अनोळखी माणसाच्या संदेशाला जी शंका भिडते, ती बॉटच्या संदेशाला भिडत नाही.

म्हणून हा पत्ता प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहू नये, वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. प्रोग्रॅम इतरांना देताना ती फाइल वगळावी. मदत मागताना स्क्रीनचे छायाचित्र पाठवायचे असेल, तर त्यात पत्ता दिसत नाही ना, हे पाहावे. तो फुटल्याची शंका आली तरी वेबहुक तत्काळ काढून टाकावा, त्याबरोबर जुना पत्ता निकामी होतो. नवा तयार करण्यास मिनिटभरही लागत नाही. शिवाय बॉट फक्त अधिकृत घोषणांचे दुवे देतो आणि कधीही लॉगिन करण्यास सांगत नाही, हे गटाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. पुढे कधी किल्ली हरवलीच, तर फसवणूक ओळखण्यास हे एक वाक्य उपयोगी पडते.