बेगमी, मावळातील

पावसाळ्याचे चार महिने घर अडू नये म्हणून पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात उन्हाळ्यातच करून ठेवलेली धान्य, सरपण, वैरण आणि सुक्या जिनसांची तरतूद, तसेच ती पुरवण्यासाठी अंगवळणी पडलेली रोजची काटकसर. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत ती चालत आली आहे. लोणावळ्याकडे वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे तिचा पसारा मोठा; पूर्वेला तळेगाव दाभाड्याकडे पाऊस उणावतो तशी तीही आटोपशीर होते.

मावळात मुख्य पीक भाताचे. दिवाळीच्या सुमारास कापणी होते आणि आलेले धान्य पुढच्या कापणीपर्यंत पुरवायचे असते. आषाढ-श्रावण सर्वांत ओढाताणीचे: कणगी तळाला गेलेली, हातातला पैसा लावणीत आणि खतात अडकलेला, मजुरीची कामे थांबलेली. पूर्वी ज्याचे धान्य श्रावणात संपे त्याला वाढीदिढीने उचलावे लागे, म्हणजे एक मण घेतले तर सुगीला दीड मण परत. तेव्हा ज्येष्ठात वाचवलेले पायलीभर धान्य श्रावणात दीड पायलीच्या मोलाचे ठरे. मावळातल्या काटकसरीला चिकटपणा म्हणणाऱ्याने आधी हा हिशेब मांडून पाहावा. सावकाराचा उंबरा चढावा लागू नये, हाच तिचा मूळ हेतू.

चौमाशाची ही काळजी राज्यकारभारातही दिसते. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना पाठवलेल्या शिवाजी महाराजांच्या प्रसिद्ध पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आताच उधळली तर पुढे जनावरे मरतील आणि रयतेला उपद्रव होईल, अशी ताकीद आहे. पेटत्या दिव्याची वात उंदराने नेली तर गवताला आग लागेल, इतका बारकावा त्यात आहे.

बेगमीचा गाभा भातात आहे. भात सालासकट कणगीत राहते. कणगी बांबूची, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली. भरडलेल्या तांदळाला लवकर कीड लागते, म्हणून गिरणीत नेतात ते लागेल तेवढेच. भरडून आल्यावर घरची बाई सूप घेऊन बसते आणि एका पोत्याचे चार वाटे होतात. अख्खा तांदूळ डब्यात जातो. कणी पाखडून निराळी काढतात. तिची आजाऱ्याला पेज, मुलांना गूळ घालून खीर, नाहीतर भिजवून वाटून घावन. कोंडा गुराकोंबड्यांना. तूस चुलीत घालतात आणि त्याची राख भांड्यांना लावतात. शेतात उरलेला पेंढा जनावरांच्या पावसाळी वैरणीला येतो. भात शिजताना काढलेली पेजही मीठ घालून पितात. एका दाण्यातून इतके काढून घेणारी घरे दरिद्री नव्हेत, जाणती म्हणायला हवीत.

बियाण्याचेही तसेच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी हा वाण आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून निवडलेला आहे. सुवासामुळे तो बाजारात चालतो; पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा आणखी एक गुण असा की तो सुधारित सरळ वाण असल्याने घरचे बी राखून पेरता येते आणि दरवर्षी पिशवी विकत घ्यावी लागत नाही. डॉ. ना. कृ. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत ही घरगुती काटकसर शास्त्राच्या पायावर उभी राहिली: तुसाची राख रोपवाटिकेत, गिरिपुष्पाचा पाला चिखलात, चुडात मोजकीच रोपे ठरावीक अंतरावर, आणि खत उधळण्याऐवजी चार चुडांच्या मध्ये गोळीच्या रूपाने खोचलेले. बी कमी लागते, खतही वाहून जात नाही.

लावणीला मजुरीचे पैसे वाचवणारी रीत सावडीची: आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. अंगावर पूर्वी बांबू आणि पानांचे इरले असे. पुढे खताची रिकामी गोणी आली; तिचा एक तळकोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यापासून पाठीखालपर्यंत झाकणारी खोळ तयार होते, फुकटात. पागोळ्यांखाली पिंप लावले की धुण्याभांड्याचे पाणी आणायला जावे लागत नाही. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी निघतात, ओढ्याला चढणीचे मासे आणि खेकडे येतात. तेवढे दिवस भाजीला पैसा मोडत नाही. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी सुकट, बोंबील, सांडगे बाहेर काढायचे.

पैशाची बेगमी त्यामानाने अलीकडची. भिशीत दहा जणींनी दरमहा पाचशे रुपये काढले तर पाळीपाळीने प्रत्येकीच्या हाती एकरकमी पाच हजार येतात. व्याज नाही, पण मध्येच खर्च होऊन जाण्याची भीतीही नाही. बचत गटात पैसा कर्जाऊ फिरतो आणि व्याज गटातच राहते. नाबार्डने १९९२ पासून अशा गटांना बँकेशी जोडल्यावर शेळी, शिलाई यंत्र किंवा शाळेच्या फीसाठी दागिना गहाण टाकण्याची वेळ कमी झाली.

थेंबाथेंबाच्या बचतीतून सार्वजनिक काम उभे राहते, याचे मोठे उदाहरण याच तालुक्यात आहे. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या काळात अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे त्या निधीतून काचकारखाना निघाला. काच बनवण्याचे काम तिथे शिकून कारागीर देशात इतरत्र गेले. मावळाबाहेर हे फारसे कुणाला माहीत नाही, याची खंत वाटते.

लोणावळा-पुणे लोकल १९७८ मध्ये सुरू झाली आणि नोकरदार, विद्यार्थी, दूधवाले यांच्या घरखर्चात रेल्वेच्या पासाची भर पडली. तीन महिन्यांचा पास एकदम काढला की सुटे पास काढण्यापेक्षा स्वस्त पडतो, म्हणून पगार झाल्याबरोबर तो काढून टाकणारे पुष्कळ.

द्रुतगती मार्ग आणि बंगल्यांच्या मागणीमुळे अनेक घरांनी खाचरे विकली. एकदम मोठी रक्कम आली आणि कणगी गेली. अशा घरांतही वर्षाचे भात सुगीलाच शेजारच्या शेतकऱ्याकडून घेऊन ठेवण्याची चाल टिकून आहे. तेव्हा भाव उतरलेला असतो. शिवाय जुना झालेला तांदूळ पाणी जास्त घेतो, फुगतो आणि तेवढ्याच मापात आणखी एक पान वाढता येते.