पडद्यामागची वायर

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, दफ्तरे डोळ्यांसमोर येतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या नोंदी जमवताना मी त्यांत आणखी एका साधनाची भर घातली आहे: संगणक आणि मॉनिटर जोडणारी केबल.

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या, तो काळ तबकडीवरच्या काट्यांचा आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांचा. पुढे कारखान्यांत काट्यांची जागा पडद्याने घेतली. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए जोडणीत तीन ओळींत पंधरा पिनांची सोय होती. लाल, हिरवा, निळा या रंगांना स्वतंत्र तारा; तारेतला विद्युतदाब चढला की रंग उजळे, उतरला की मंदावे. काचेच्या जाडजूड मॉनिटरला हीच भाषा कळे. सपाट पडदे आले आणि द्राविडी प्राणायाम सुरू झाला: संगणकाने आकड्यांचा दाब करायचा, मॉनिटरने दाबाचे पुन्हा आकडे. तो टाळण्यासाठी १९९९ मध्ये डीव्हीआय आले. २००२ मध्ये चित्राबरोबर आवाजही नेणारे एचडीएमआय, २००६ मध्ये डिस्प्लेपोर्ट.

या प्रवासात एक गोष्ट हरवत गेली. व्हीजीएचे तोंड पाहिले की आत काय वाहते ते कळे. डीव्हीआयमध्ये चपट्या पात्याभोवती चार पिनांची जागा आहे का, हे न्याहाळावे लागते. असेल तरच जुना संकेत मिळू शकतो. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच महिन्यात यूएसबी-सीचा आराखडा प्रसिद्ध झाला. त्याचे तोंड सगळीकडे सारखेच, पण कुठून चित्र जाते आणि कुठून नुसते चार्जिंग होते, हे आकारावरून सांगता येत नाही.

बिघडण्याची रीतही बदलली. व्हीजीए केबल खराब होऊ लागली की अक्षरांना सावली पडे, रंग विटे. सूचना आधी मिळे. आकड्यांची केबल बराच काळ ठणठणीत दिसते, मग ठिपके चमकतात आणि पडदा काळा होतो.

यात गमावण्यासारखे बरेच आहे. यंत्राला जोडलेल्या जुन्या संगणकात त्या यंत्राच्या नोंदी असतात, आणि त्याला अनेकदा व्हीजीएखेरीज दुसरे तोंड नसते. बाजारातला ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ कन्व्हर्टर तिथे कुचकामी, कारण तो एकाच दिशेने चालतो. जुन्या संगणकाचे चित्र नव्या मॉनिटरवर आणायला ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ हवा. हा फरक ठाऊक नसला तर चालू संगणकही ‘बंद’ ठरतो आणि नोंदींसकट भंगारात जातो.

म्हणून कारखानदारांना माझी विनंती आहे: कोणती केबल कोणत्या यंत्राची, हे चिठ्ठीवर लिहून तिला बांधून ठेवा. या वसाहतीचा इतिहास उद्या लिहिणाऱ्याला ती चिठ्ठीही दफ्तराइतकीच मोलाची ठरेल.