दरमहा २०० रुपयांचा तोटा

गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) यांना बुद्धाची ओढ लागली ती मुलांच्या एका मराठी मासिकातला लेख वाचून. गावात या विषयावर बोलायला कोणी नव्हते. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी अशी संस्कृतसाठी वणवण केली, नेपाळ पाहिले आणि १९०२ मध्ये सिलोनला श्रामणेर झाले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी. त्यांच्या ध्यासाची किंमत या दोघींनीही मोजली, हे आपण लिहायचे विसरतो.

परतल्यावर ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. तिथले विद्यापीठ दरमहा २५० रुपये द्यायला तयार होते. आपल्या सयाजीराव महाराजांनी देऊ केले ५०. अट एवढीच, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक बडोदे सरकारसाठी लिहावे. कोसंबींनी ५० घेतले! पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्यासारख्या सरकारी नोकराला हा हिशेब चटकन उमगत नाही. पण त्यांना बुद्ध मराठी माणसाच्या घरी पोहोचवायचा होता, आणि ते काम कलकत्त्यात बसून होणारे नव्हते.

पुढे हार्वर्डहून आल्यावर त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. पु. वि. बापट हे त्यांच्याच हाताखाली शिकलेले.