रिचमंडची शिडी आणि इझाबेलाची बाग

लंडनच्या रिचमंड पार्कातील इझाबेला प्लँटेशन पाहावयाचे ते एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी. आम्ही गेलो तेव्हा ओढ्याच्या दोन्ही काठांवर अझेलिया अशा फुलल्या होत्या की पाण्यालाही तांबूस रंग चढला होता. वर ओक व बीचचे उंच वृक्ष, त्यांच्या सावलीत ऱ्होडोडेंड्रॉनचे झुबके. प्रवेशास पैसा पडत नाही. पण ही मोकळीक कोणी उदार होऊन दिलेली नव्हे.

पहिल्या चार्ल्स राजाने १६३७ साली शिकारीसाठी हे रान भिंतीने वेढले. पायी जाणारांस मात्र वाट ठेवली. १७५१ साली राजकन्या अमेलिया पार्कची रेंजर झाली, आणि तिने परवान्यावाचून कोणास आत सोडू नये असा हुकूम काढला. रिचमंडचा जॉन लुईस हा बिअरची भट्टी चालविणारा गृहस्थ. त्याला दारात अडविले, तेव्हा त्याने दारावरील मार्था ग्रे हिच्यावर फिर्याद लावली. (बाई बिचारी हुकमाची ताबेदार, धनी लोक पुढे उभे करतात ते अशांनाच.) १७५८ साली निकाल लुईसच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती मायकेल फॉस्टर यांनी विचारले, दार हवे की भिंतीवर शिडी? लुईसने शिडी मागितली. हरणे बाहेर जाऊ नयेत म्हणून दार लोटलेलेच राहणार, आणि लोटलेल्या दाराला कडी घालण्यास कितीसा वेळ लागतो? पुढे शिडीच्या पायऱ्या इतक्या दूर ठेवल्या गेल्या की मुले व म्हाताऱ्या बायका चढेनात. लुईस पुन्हा न्यायमूर्तींकडे गेला व पायऱ्या जवळ आणवून घेतल्या. कोर्टात मिळालेला हक्क अंमलात कसा कापला जातो, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना कोणी सांगावयास नको.

१८३१ साली लॉर्ड सिडमथने ४२ एकर जागेस कुंपण घालून लाकडासाठी झाडे लावली. फुलबाग अलीकडची, ती १९५३ साली लोकांस खुली झाली. अधीक्षक जॉर्ज थॉमसन व मुख्य माळी वॉली मिलर यांनी माजलेले पाँटिकम जातीचे ऱ्होडोडेंड्रॉन उपटून नवे वाण लावले. माळ्याचेही नाव राहिले, हे आम्हांस बरे वाटले. जपानातील कुरुमेच्या माळ्यांचे तसे झाले नाही. मोतोझो साकामोतो व त्याच्या मागून आलेल्यांनी तेथे अझेलियाचे शेकडो वाण जोपासले. १९१८ साली अर्नेस्ट विल्सनने त्यांतले ५० निवडून अमेरिकेस नेले, आणि जगात त्यांना नाव पडले ते ‘विल्सन फिफ्टी’. इझाबेलात त्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे.