वेड आणि वेडाचे सोंग

सज्जनहो, आपल्या वऱ्हाडात ‘वेडा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. चारचौघांहून निराळा वागला की माणूस वेडा ठरतो, आणि पुढे त्याच्याभोवती गर्दी जमली की तोच अवलिया होतो. पण खरे वेड निराळे आणि वेडाचे सोंग निराळे. हा भेद मला उशिरा कळला, म्हणून सांगतो.

श्रीगाडगेबाबांचे चरित्र आठवा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट घराण्यात डेबूजी झिंगराजी जाणोरकर जन्मले. वडील लवकर गेले आणि डेबूजी मामाकडे दापुऱ्यास वाढले. दापुरे मूर्तिजापूर तालुक्यातले. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आणि आपण एकाच अकोला जिल्ह्यातले. मुलीच्या बारशाला मांस आणि दारू यांची पंगत देण्याचा जातीचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडून गोड जेवण वाढले. लोक रागावले, पण ते बधले नाहीत. लक्षात घ्या, तेव्हा अंगावर चिंध्या नव्हत्या की डोक्यावर गाडगे नव्हते. शेती करणारा संसारी माणूस होता तो. वेड आधी होते, वेष नंतर आला.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. मग चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. पाहणारे हसत. पण यातले गाडगे पाहा, खराटा पाहा. गाडगे उन्हापावसात टोपी आणि भुकेच्या वेळी ताट. खराटा गावात शिरताच कामाला लागे. रात्री कीर्तनात त्याच गावाला कर्ज, दारू आणि नवसाचे बोकड यांविषयी वऱ्हाडीत साधे प्रश्न विचारायचे, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. ज्याला लोक विक्षिप्तपणा म्हणत, त्याला काम नेमून दिलेले होते.

आणखी एक खूण पाहा. लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी काही राखले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कुणाला पाया पडू दिले नाही, कुणाला शिष्य केले नाही. सोंग घेणाऱ्याला गर्दी हवी असते. बाबा गर्दीला कामाला लावून पुढच्या गावी निघून जात.

आता माझी गोष्ट. ऐन तिशीत मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात सप्ताहाच्या कीर्तनासाठी गेलो होतो. बाबांचे चरित्र नुकतेच वाचलेले. मनात आले, आपणही कीर्तनाआधी देवळाचे अंगण झाडावे. खराटा मागून घेतला, पण हाती धरून उभाच राहिलो. माणसे जमली, तेव्हा झाडायला लागलो. लोक वाखाणू लागले. इतक्यात खांबाशी बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, “महाराज, पहाटीच झाडलं होतं जी मी. पण तुमचं बी होऊ द्या.”

त्या रात्री कीर्तन रंगले, लोक खूश झाले. मला मात्र झोप आली नाही. अंगण स्वच्छ होते, हे मला दिसलेच नव्हते. माझी नजर माणसांवर होती. खराटा बाबांचा उचलला, वेड मात्र त्या म्हातारीपाशी होते. रोज पहाटे, कुणी पाहत नसताना ती झाडत होती आणि गावाने तिला कधी अवलिया म्हटले नव्हते.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. आज त्यांचे पुतळे आहेत आणि विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांचा वेष कुणालाही घेता येईल, कारण चिंध्यांना पैसा पडत नाही. त्या वेषाखालचे वेड घेणे अवघड.

म्हणून वाचकहो, कुणाला अवलिया म्हणण्याआधी एवढेच पाहा की पाहणारे निघून गेल्यावर त्याचे काय चालते. शेगावची पालखी आपल्या मालेगाव-रिसोडावरून पुढे गेली की मुक्कामाच्या जागेवर उष्ट्या पत्रावळी उरतात. दुसऱ्या दिवशी त्या कोण उचलतो, ते जाऊन पाहा. तो भेटला तर त्याच्या पाया पडू नका. दुसरा खराटा घ्या आणि त्याच्या शेजारी उभे राहा.

राम कृष्ण हरी.