वायरीतून सुटलेला रेडिओ

हातात धरून फिरवायचा व्हॅक्यूम क्लीनर, दाढीचं यंत्र, फोन. बिनवायरीच्या वस्तू घरात इतक्या झाल्या की त्यांचं नवल उरलं नाही. पण वायर गेली कशी? त्यासाठी आपण रेडिओपाशी जाऊ.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. शब्द गदिमांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक गीत. लोक रेडिओला हार घालून ऐकायला बसत. सेट एका जागी, मागे वायर, वर जाळीची एरियल. घरानं त्याच्यापाशी जायचं.

आणि त्याच्या सहाच महिने आधी, ऑक्टोबर १९५४ मध्ये, अमेरिकेत 'रीजन्सी टीआर-१' हा खिशात मावणारा रेडिओ जाहीर झाला होता. आत चार ट्रान्झिस्टर, किंमत ४९ डॉलर ९५ सेंट.

जुन्या सेटमधले व्हॉल्व्ह आतली तार तापल्याशिवाय कामच करीत नसत. बटण फिरवून आवाजाची वाट पाहावी लागे, ती त्यामुळेच. बरीचशी वीज या तापण्यातच जाई. वीज नसलेल्या गावांत बॅटरीवरचे व्हॉल्व्ह-सेट होते म्हणा, पण त्यांची बॅटरी जडशीळ आणि महाग. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या ट्रान्झिस्टरला तापवावं लागत नाही. म्हणजे वायर कुणी कापली नाही. यंत्राची भूकच इतकी कमी झाली, की दोन-चार सेलांवर भागू लागलं.

आपण तर त्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागलो. तो शेतावर गेला, ओट्यावर गेला. सेल मंदावले की उन्हात ठेवायचे! आम्हाला तेव्हा वाटलं, घराची बैठक मोडली. आज आम्ही तसं म्हणणार नाही. बैठकीत गाणं चालू असताना आत चहा कोण करीत होतं? 'वनिता मंडळ' भाजी निवडता निवडता ऐकायची सोय तिला ट्रान्झिस्टरनं दिली. हे आमच्या ध्यानात फार उशिरा आलं.

आजच्या व्हॅक्यूम क्लीनरची वाट मात्र वेगळी. त्याच्या मोटरीची भूक मोठीच राहिली, शिदोरी वाढली. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, त्यानंतर हे जमू लागलं. ही शिदोरी भरायला मात्र पुन्हा भिंतीतल्या वायरीपाशीच यावं लागतं.

सेलच्या आत काय घडतं, ते लेक्लांशेच्या १८६६ च्या काचेच्या बरणीपासून पुढल्या वेळी पाहू.