तबकडीमागचा कान

जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना आपण गायकाचें नांव घेतों, फार तर यंत्राचें कौतुक करतों; परंतु कोणाचें गाणें टिपावयाचें व कोणाचें वगळावयाचें हें ठरविणारा मनुष्य सहसा आपल्या ध्यानीं येत नाहीं. १९०२ सालीं गेस्बर्गसाहेब कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित करावयास आले, तेव्हां आपल्या संगीताचें मर्म त्यांना ठाऊक नव्हतें. निवडीसाठीं इतरांवर विसंबणें त्यांना भागच होतें.

ग. न. जोशी यांची गोष्ट निराळी. वकिलीचें शिक्षण घेतलेले हे गृहस्थ १९३८ सालीं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनींत शिरले, ते स्वतः नामांकित भावगीतगायक म्हणून. त्यापूर्वींच मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनीं तबकडीवर गाइली होती. कवीचा त्याच नांवाचा संग्रह निघाला १९५४ सालीं! वऱ्हाडांतल्या एका आडगांवच्या कवीला पुस्तकाच्या कितीतरी आधीं घरोघर पोंचविलें तें तबकडीनें. आमच्या टीकाकारांनीं नव्हे.

पण जोशी यांच्या रसिकतेची खरी कसोटी अमीरखांसाहेबांच्या बाबतींत लागली असें आम्ही मानतों. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन-साडेतीन मिनिटेंच मिळत. तेवढ्यांत चटकदार तान बसे, ठुमरीचा मुखडा बसे. खांसाहेबांची अतिविलंबित बढत कशी बसावी? एकेक स्वर जणू विचारून पुढें टाकणाऱ्या गायकाला ती तबकडी म्हणजे खोडाच. बाजारानें अशा गायकीकडे काणाडोळा केला यांत नवल नाहीं. कंपनी हें शेवटीं दुकानच. पुढें दीर्घ वादनाची तबकडी आली, तींत एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळूं लागला. १९६० च्या सुमारास जोशी यांनीं खांसाहेबांचा मारवा व दरबारी तींवर मुद्रित केले. दुसरा अधिकारी असता तर त्यानें ती नवी जागा खपणाऱ्या गाण्यांनींच भरली असती.

खांसाहेब १९७४ सालीं वारले. आज येथें कात्रपला बसून त्यांचा मारवा हवा तेव्हां ऐकतां येतो. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी नाहीं, आणि त्यांच्याविषयीं शिष्यांनीं जें सांगितलें तेवढ्यावरच आम्हांस समाधान मानावें लागतें.